तांब्याचा पत्रा कधी ठोकायचा, कधी तापवायचा

तांब्याची वाटी घडवताना कडेला चीर गेली की पहिला संशय पत्र्यातल्या भेसळीवर जातो. बहुतेक वेळा पत्रा चांगलाच असतो. ताव, म्हणजे नरम करण्यासाठी तापवणं, उशिरा दिलेला असतो किंवा चुकीचा दिलेला असतो. ठोकून तांबं कडक होतं आणि तापवून नरम पडतं, या दोन्ही गोष्टी स्फटिकातल्या एकाच प्रकारच्या दोषांवर ठरतात. ते दोष म्हणजे डिसलोकेशन, अणूंच्या रचनेतल्या चुकलेल्या रेषा. ती कशी सरकतात, कशी वाढतात आणि कुठे अडकतात हे माहीत असलं, तर जाडी मोजून, हातोडीचा आवाज ऐकून आणि धातूचा रंग पाहून पुढचं पाऊल ठरवता येतं. खालची पद्धत शुद्ध तांब्यासाठी आहे. पितळ, ॲल्युमिनियम आणि साधं पोलाद कुठे वेगळं वागतं, तेही पुढे दिलं आहे.

आधी एक तार वाकवा

इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी १४ गेजची उघडी तांब्याची तार मिळते. तिचा व्यास साधारण २ मिमी असतो. २० सेंमीचे तीन तुकडे कापा. तार आधीच कडक असेल तर पुढे दिलेल्या रीतीने तिन्ही तुकड्यांना एकदा ताव द्या, म्हणजे सुरुवात सारखी होईल.

पहिला तुकडा १० मिमी जाडीच्या सळईभोवती वळवून इंग्रजी यू अक्षरासारखा करा. आता पक्कड न घेता, दोन्ही टोकं धरून तो सरळ करून पाहा. वळण उघडतच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे तार आधी सरळ होती, तिथे ती उलटी वाकते आणि मध्ये एक उंचवटा तसाच राहतो. सळईची त्रिज्या ५ मिमी आणि तारेची १ मिमी, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचं तांबं सहापैकी एक भाग, सुमारे १७ टक्के, ताणलं गेलं. तेवढ्या ताणाने ती जागा शेजारच्या तारेपेक्षा कडक झाली, म्हणून जोर लावल्यावर शेजारची नरम तार आधी वाकली. पत्रा ठोकतानाही नेमकं हेच होतं: जिथे जास्त मार बसला तो भाग पुढचा आकार घ्यायला नकार देतो आणि शेजारचा भाग त्याच्या वाटचा ताण सोसतो.

दुसरा तुकडा एकाच जागी भराभर मागेपुढे वाकवा आणि लगेच ओठाला लावून पाहा. तार कोमट झालेली असते. वाकवायला घातलेल्या कामापैकी बहुतेक सगळं उष्णता होऊन निघून जातं. काही टक्केच आत साठून राहतं. ते साठतं डिसलोकेशनच्या भोवतालच्या, ओढाताण झालेल्या अणूंच्या जाळीत. ताव देताना तांब्याला नरम करणारी प्रेरणा हीच साठलेली ऊर्जा असते. तिसरा तुकडा तुलनेसाठी बाजूला ठेवा.

आत काय सरकतं

तांब्याचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर बसलेले असतात. घनाची कड ०.३६१५ नॅनोमीटर. या रचनेत अणूंनी सर्वांत दाट भरलेले थर चार वेगवेगळ्या दिशांना झुकलेले असतात आणि प्रत्येक थरात सरकायच्या तीन सोयीच्या दिशा असतात. म्हणजे सरकण्याच्या बारा वाटा. तांबं एवढं घडाऊ असतं त्याचं हे एक मोठं कारण. जस्तात सहज चालणाऱ्या वाटा तीनच, आणि त्या तिन्ही एकाच थरात. त्यामुळे जस्ताचा पत्रा घडवताना लवकर तडकतो.

एक आख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा म्हटलं तर जोर प्रचंड लागेल. याकोव्ह फ्रेंकेलने १९२६ मध्ये हा हिशेब मांडला. त्या सूत्राने तांब्यासाठी ७,००० मेगापास्कलच्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षात नीट ताव दिलेल्या शुद्ध तांब्याचा एकच स्फटिक घेतला, तर सरकणं १ मेगापास्कलच्या आगेमागेच सुरू होतं. हजारो पटींची ही तफावत १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे उलगडली: थर एकदम सरकत नाही. त्यात एक जादा अर्धा थर घुसलेला असतो, त्याची कड म्हणजे डिसलोकेशनची रेषा, आणि ती रेषा अणूच्या एकेका ओळीने पुढे जाते. लांबलचक सतरंजी ओढून हलत नाही, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली की सतरंजी तेवढी सरकते, तसं.

एक डिसलोकेशन स्फटिक ओलांडून बाहेर पडलं की पृष्ठभागावर ०.२५६ नॅनोमीटरची पायरी उरते. ही पायरी डोळ्यांनाच काय, साध्या मायक्रोस्कोपलाही दिसणार नाही. पण एकाच थरावरून दोन हजार डिसलोकेशन बाहेर पडली तर पायरी अर्ध्या मायक्रॉनची होते, आणि ती दिसते. ती कशी पाहायची ते लेखाच्या शेवटी आहे. खुद्द डिसलोकेशन हलताना दिसायला १९५६ साल उजाडावं लागलं; केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली.

आता मुद्द्याचा प्रश्न. डिसलोकेशन बाहेर पडून संपत असतील, तर ठोकत गेल्यावर तांबं अधिक नरम व्हायला हवं. तसं होत नाही, कारण सरकताना ती स्वतःची संख्या वाढवतात. रेषेचा एखादा तुकडा दोन्ही टोकांना अडकलेला असला की जोराखाली तो धनुष्यासारखा फुगतो, फुगत फुगत स्वतःभोवती वळतो, एक पूर्ण कडं सुटं होऊन पसरतं आणि मूळ तुकडा पुन्हा तयार. हा फ्रँक-रीड उगम १९५० मध्ये सुचवला गेला. अडकलेला तुकडा १ मायक्रॉन लांब असेल तर तांब्यात त्याला सुमारे १२ मेगापास्कल कर्तन ताण (थर सरकवणारा ताण) लागतो. तुकडा निम्मा झाला की ताण दुप्पट.

संख्येचा अंदाज असू द्या. नीट ताव दिलेल्या १ घन सेंटीमीटर तांब्यात डिसलोकेशनची एकूण लांबी ढोबळ मानाने १,००० किलोमीटरपर्यंत भरते. खूप ठोकलेल्या तांब्यात तीच १० लाख किलोमीटरच्या घरात जाते. चंद्रावर जाऊन परत येण्याएवढी, वर थोडी शिल्लक. इतक्या गर्दीत वेगवेगळ्या थरांवरच्या रेषा एकमेकींना छेदतात, गाठी पडतात. काही ठिकाणी दोन रेषा मिळून अशी तिसरी बनते जी दोन्हीपैकी कुठल्याच थरावर सरकू शकत नाही. तिला लोमर-कॉट्रेल कुलूप म्हणतात, आणि मागून येणारी डिसलोकेशन त्याच्यामागे रांग लावतात.

कडकपणा डिसलोकेशनच्या घनतेच्या, म्हणजे ठराविक आकारमानात भरलेल्या लांबीच्या, वर्गमुळाप्रमाणे वाढतो. सूत्र सोपं आहे: कर्तन गुणांक (सरकवणाऱ्या ताणाला धातू किती ताठ राहतो त्याचं माप), गुणिले पायरीची लांबी, गुणिले घनतेचं वर्गमूळ, गुणिले सुमारे ०.३. तांब्याचा कर्तन गुणांक ४५ गिगापास्कल धरून १० लाख किलोमीटरच्या गर्दीला कर्तन ताण ११० मेगापास्कलच्या आसपास येतो. पत्रा अनेक छोट्या स्फटिकांचा, म्हणजे कणांचा, बनलेला असतो आणि प्रत्येक कणाची दिशा वेगळी असते, म्हणून ओढून पाहताना त्याला तीनने गुणायचं: ३३० मेगापास्कल. कडक तांब्याची प्रत्यक्ष मोजलेली ताकद याच्याच आसपास असते. कणांचा आकार बारीक करून एवढं हाती लागत नाही: कणाचा आकार १०० मायक्रॉनवरून २५ मायक्रॉनवर आणला तर नरम तांब्याची ताकद जेमतेम १२ मेगापास्कलने वाढते. तांब्याला खरी कडकी ठोकण्यातूनच येते.

किती ठोकायचं याचं माप

समजा २० गेजचा, म्हणजे ०.९१ मिमी जाडीचा, १५० मिमी व्यासाचा गोल पत्रा आहे. कंपासने दर १० मिमीवर मार्करची वर्तुळं काढा. टोकदार सुईने ओरखडे काढू नका. पुढे चीर तिथूनच सुरू होते. ताव दिल्यावर मार्कर पुसला जाईल, तेव्हा वर्तुळं पुन्हा काढायची.

मधोमध खोलगट ठोकताना पत्रा पातळ होतो. तिथे मायक्रोमीटरने किंवा बाहेरून धरायच्या कॅलिपरने जाडी मोजा. ०.९१ची ०.६४ झाली म्हणजे ३० टक्के घट. कड आवळून वर उचलताना उलट होतं: पत्रा पातळ होत नाही, परीघ आक्रसतो आणि कड किंचित जाड होते. त्यामुळे कडेला जाडी मोजून काही कळत नाही, व्यास मोजावा लागतो. १५०चा व्यास १२० झाला म्हणजे कडेला २० टक्के आवळणं झालं. अनेकांची चूक इथेच होते. जाडी तर कमी झाली नाही, म्हणून ठोकत राहतात, आणि कड मात्र डिसलोकेशनने ठासून भरलेली असते.

हाताच्या कामाला माझा आडाखा असा: मध्यभागी ३० टक्के घट किंवा कडेला २० ते २५ टक्के आवळणं, यांतलं जे आधी होईल तिथे थांबून ताव द्या. रोलिंग मिलमध्ये तांबं ९० टक्क्यांपर्यंत थंडच लाटतात, हे खरं. पण तिथे दाब सगळीकडे सारखा आणि दाबणाराच असतो. हातोडीखाली कडेला ताण आणि वळण एकत्र येतात, तेव्हा मिलचा आकडा इथे लावू नये.

आकड्यांशिवायही खुणा मिळतात. नरम तांब्यावर हातोडीचा आवाज बसका येतो आणि हातोडी जागीच राहते. कडक होत गेलं की आवाज टणटणीत होतो, हातोडी उसळते, आणि तेवढ्याच माराचा ठसा लहान दिसतो. पत्रा हाताने दाबून सोडला तर मागे फिरतो. नरम तांब्याचा विकर्स कडकपणा (हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या ठशावरून मोजलेला) ५०च्या आसपास असतो, पूर्ण कडक तांब्याचा ११० ते १२०. ओढल्यावर लांबण्याची क्षमता ४५ टक्क्यांवरून एक आकडी होते. आवाज बदलतो तो याच प्रवासात कुठेतरी.

शेवटचा हात मात्र मुद्दाम थंडच द्यायचा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर जे मठारकाम करतात, त्याने नुसती नक्षी आणि चकाकी येत नाही. ओळीने बसवलेल्या त्या शेकडो ठोक्यांनी ताव दिलेलं नरम भांडं पुन्हा कडक होतं, आणि पातळ पत्र्याचं असूनही रोजच्या वापरात त्याला पोचे पडत नाहीत. मठारून झाल्यावर भांड्याला ताव दिला तर ही सगळी मेहनत वाया जाते. जोडकामासाठी तापवणं असेल तर ते मठारण्याआधी उरकून घ्यावं.

लोकलच्या डोक्यावरची संपर्क तारही याच कारणाने कडक ओढलेल्या तांब्याची असते. ठोकून किंवा ओढून तांब्याची वीज वाहण्याची क्षमता फक्त तीनेक टक्क्यांनी घटते. तेवढीच ताकद दुसरा धातू मिसळून आणायची तर साधारणपणे त्याहून जास्त वाहकता गमवावी लागते.

ताव कसा द्यायचा

लागणारं सामान: गॅसचा टॉर्च किंवा कोळशाची भट्टी, दोन-तीन अग्निविटा, लांब दांड्याचा चिमटा, पाण्याची बादली, आणि सावली. उन्हात ताव देऊ नका. तांब्याचा रंग उन्हात दिसतच नाही आणि दरवेळी दीड-दोनशे अंश जास्त होतात.

१. पत्रा अग्निविटांवर असा ठेवा की खालूनही गरम हवा फिरेल. विटांनी तीन बाजूंनी आडोसा केला तर छोटा टॉर्चही पुरतो.

२. ज्योत एका जागी न धरता गोल फिरवत न्या. आधी कडा, मग मध्य. तांबं उष्णता झपाट्याने पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. रंग आधी इंद्रधनुषी होतो, मग काळपट.

३. सावलीत जेमतेम जाणवेल असा मंद लाल रंग आला की बस. हे साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअस. ठोकलेलं तांबं या तापमानाला काही सेकंदांत नरम होतं. जास्त वेळ धरून फायदा शून्य.

४. सगळ्या पत्र्यावरून हा मंद लाल पट्टा एकदा फिरून गेला पाहिजे. एखादा कोपरा काळाच राहिला तर तो कडकच राहतो, आणि पुढच्या फेरीत तिथेच चीर जाते.

५. चिमट्याने धरून, कड आधी, तिरपा पाण्यात सोडा. पोलादासारखं तांबं पाण्याने कडक होत नाही. उलट वरची काळी खपली तडकून निघते आणि वेळ वाचतो. पोकळ, बंद तोंडाची वस्तू कधीही पाण्यात टाकू नका, वाफ तोंडावर येते.

६. उरलेली खपली काढायला बॅटरीचं ॲसिड एक भाग आणि पाणी तीन भाग. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. पाच-दहा मिनिटांत पत्रा गुलाबी होतो. या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नका; लोखंड विरघळतं आणि आधी उतरलेलं तांबं सगळ्या वस्तूवर चढतं. थोडंच काम असेल तर चिंच आणि मीठही चालतं, फक्त घासावं लागतं.

७. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा आणि मगच ऐरणीवर घ्या. खपलीचे कण राहिले तर हातोडी ते पत्र्यात ठोकून बसवते.

तापवताना आत तीन गोष्टी एकामागून एक होतात. दोनशे अंशांच्या आतबाहेर डिसलोकेशन थोडी आवरून बसतात, विरुद्ध जातीची एकमेकींना रद्द करतात, पण कडकपणा फारसा उतरत नाही. त्यापुढे नवे, जवळजवळ डिसलोकेशन नसलेले कण उगवतात आणि जुन्या चेपलेल्या कणांना खाऊन टाकतात. नरमपणा येतो तो इथे. मग तापवत राहिलं तर हेच नवे कण एकमेकांना गिळून मोठे होतात. आपल्याला दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी थांबायचं असतं. सुरुवातीला बाजूला ठेवलेली तिसरी तार आता पहिल्या तुकड्यासारखी वळवा आणि त्या वळणालाच ताव द्या. थंड झाल्यावर दोन्ही टोकं धरून ओढा. या वेळी वळण बरंच उघडतं.

काय बिघडतं, आणि का

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होणं. कण फार मोठे झाले. प्रत्येक कण आपापल्या दिशेने सरकतो, आणि कण मोठा असला की ती उंचसखल डोळ्यांना दिसते. एक कारण उघड आहे: जास्त ताव. दुसरं कारण सहसा ध्यानात येत नाही. पत्रा अगदी थोडासाच, पाच टक्क्यांच्या आसपास, ठोकून ताव दिला तर नवे कण फार कमी जागी उगवतात, आणि उगवलेले प्रचंड वाढतात. म्हणून दोन-चार ठोक्यांनंतर "सहज एक ताव" देण्याची सवय सोडा. ताव द्यायचा तर आधी भरपूर ठोकलेलं हवं. एकदा कण मोठे झाले की पुन्हा तापवून ते बारीक होत नाहीत. चांगलं ठोकून मग बेताचा ताव, हाच उपाय.

तावानंतर पहिल्याच ठोक्याला बारीक चिरांचं जाळं. विजेच्या कामाच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन क्युप्रस ऑक्साइडच्या रूपाने असतो. पिवळी, धुरकट, हवा कमी असलेली ज्योत हायड्रोजन पुरवते. तो तांब्यात सहज शिरतो, ऑक्साइडशी मिळून पाण्याची वाफ करतो, आणि ती वाफ बाहेर पडू न शकल्याने कणांच्या सीमा फाडते. असा पत्रा वितळवायलाच द्यावा लागतो. ज्योत स्वच्छ निळी ठेवा, किंवा नळ्यांसाठी येतं ते फॉस्फरसने ऑक्सिजन काढलेलं तांबं घ्या.

कडेला एकच खोल चीर. बहुधा कातरीने कापलेली कड तशीच ठेवलेली असते. कापताना कडेचा अर्धाएक मिमी भाग आधीच पूर्ण कडक झालेला असतो आणि त्यावर बोचरे काटे असतात. कापल्यावर कड कानशीने गोल करा, आणि पहिला ताव ठोकण्याआधीच द्या. चीर दिसलीच तर ती संपते तिथे दीड मिमीचं भोक पाडा. ती पुढे जायची थांबते, मग डागता येते.

पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद

पितळात डिसलोकेशन दोन भागांत फुटून रुंद फितीसारखी पसरतात, त्यामुळे अडथळा आला की एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारून वाट काढणं त्यांना जमत नाही. परिणाम: ७०:३० पितळ (७० भाग तांबं, ३० भाग जस्त) तांब्यापेक्षा फार लवकर कडक होतं. वरचे आकडे पितळासाठी पाऊण करा. ताव तसाच मंद लाल, पण पुढे जाऊ नका; जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या खूप आधीपासून पृष्ठभागावरून उडू लागतं. पांढरा धूर दिसला तर ज्योत काढा आणि बाजूला व्हा. शिसं मिसळलेलं पितळ एकदम पाण्यात टाकू नये, तडकतं.

पितळाचा खरा शत्रू काम पूर्ण झाल्यावर येतो. ठोकलेल्या वस्तूत अडकून राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया एकत्र आले की वस्तू ठेवल्या जागी चिरते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या अशाच फुटत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया त्याला कारण होता, हे १९२१ मध्ये नीट दाखवलं गेलं. उपाय स्वस्त आहे: तयार वस्तू २५० ते २६० अंशांवर तासभर ठेवायची. डिसलोकेशन थोडी आवरून बसतात, अडकलेला ताण सुटतो, पण नवे कण उगवत नाहीत, त्यामुळे कडकपणा बहुतेक तसाच राहतो.

ॲल्युमिनियममध्ये उलट स्थिती. डिसलोकेशन सहज थर बदलतात, म्हणून कडकी सावकाश येते आणि पत्रा बराच वेळ साथ देतो. अडचण तावाची आहे. ते ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंग बदलतच नाही. एका क्षणी पत्रा असतो, दुसऱ्या क्षणी भोक. साबणाची कोरडी वडी पत्र्यावर घासून रेघा ओढा आणि उलट्या बाजूने तापवा. रेघा तपकिरी होऊन काळ्या पडल्या की थांबा. तेव्हा पत्रा ३५० अंशांच्या आसपास असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियमला तेवढं पुरतं.

साध्या पोलादी पत्र्यावर दाबकाम करताना कधी कधी तिरपे पट्टे उमटतात आणि रंग दिल्यावरही दिसत राहतात. कार्बन आणि नायट्रोजनचे छोटे अणू डिसलोकेशनभोवती गोळा होऊन तिला जागी बांधून ठेवतात. जोर पुरेसा झाला की एखाद्या पट्ट्यातली डिसलोकेशन एकदम सुटतात, तो पट्टा झटकन ताणला जातो आणि शेजारचा भाग तसाच राहतो. गिरणीतून निघताना पत्रा जेमतेम एक टक्का लाटून हा बंध तोडलेला असतो, पण महिनोन्‌महिने गोदामात पडलेल्या साठ्यात ते अणू पुन्हा येऊन बसतात. दाबकामासाठी जुना साठा घेऊ नका. घ्यावाच लागला तर दाबण्याच्या थोडं आधी रोलर लेव्हलरमधून, म्हणजे पत्रा रुळांमधून वळवत सपाट करणाऱ्या यंत्रातून, काढा. आणि लाल झालेलं पोलाद तांब्यासारखं पाण्यात टाकायचं नाही. कार्बन पुरेसा असेल आणि तापमान ७२७ अंशांपुढे गेलेलं असेल तर ते काचेसारखं कडक होतं.

पायऱ्या डोळ्यांनी पाहा

यासाठी वरून उजेड पडणारा धातूंचा मायक्रोस्कोप लागतो. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो असतो.

३ मिमी जाडीची, ४० मिमी लांबीची तांब्याची पट्टी घ्या आणि तिला ताव द्या. या वेळी मात्र थोडा जास्त. कण मोठे असलेले इथे सोयीचे. मग पाणी लावून २२०, ४००, ६००, ८००, १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर क्रमाने घासा. दर पेपरला पट्टी काटकोनात फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी मऊ कापडावर १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट.

इथे एक फसगत होते. घासण्यानेच वरचा पातळ थर डिसलोकेशनने भरून जातो आणि खाली काय आहे ते झाकतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण दहापट पाण्यात मिसळून दहा सेकंद लावा, धुवा, पुन्हा हलकं पॉलिश करा. हे दोन-तीनदा केलं की तो थर निघून जातो. शेवट पॉलिशवर करा, द्रावणावर नाही. पृष्ठभाग आरशासारखा हवा.

आता पट्टीच्या दोन्ही टोकांखाली आधार देऊन, पॉलिश केलेली बाजू बाहेर ठेवून, मधोमध हळूच वाकवा. वळणाची त्रिज्या ३० मिमीच्या आसपास असेल तर बाहेरच्या बाजूला सुमारे पाच टक्के ताण येतो. जास्त वाकवलं तर रेषांची गर्दी होऊन काहीच कळत नाही. पॉलिश केलेल्या बाजूला बोट लावू नका.

१०० ते ४०० पट मोठं करून पाहिलं की प्रत्येक कणात समांतर बारीक रेषा दिसतात, जणू कोणी फणी फिरवली आहे. कणाची सीमा आली की रेषांची दिशा एकदम बदलते. काही कणांत दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदतात, म्हणजे तिथे दोन वाटा सुरू झाल्या. काहींत एकही रेषा नसते. कुठल्या कणात आधी सुरुवात होणार हे त्याच्या झुकावावर ठरतं: सरकण्याचा थर आणि सरकण्याची दिशा दोन्ही ताणाशी ४५ अंशांच्या जवळ असतील तर ओढीचा निम्मा भाग सरकवायला मिळतो, आणि त्याहून जास्त कधीच मिळत नाही.

याच चित्रात सरळ कडांचे रुंद पट्टेही दिसतील. ते तावात तयार झालेले जुळे स्फटिक. सरकल्याच्या रेषा कुठल्या आणि हे पट्टे कुठले याची शंका आली तर पट्टी पुन्हा हलकीशी पॉलिश करा. सरकल्याच्या रेषा पुसल्या जातात, कारण त्या नुसत्या पृष्ठभागावरच्या पायऱ्या होत्या. मग फेरिक क्लोराइड लावा: पट्टे परत उमटतात, कारण तिथे जाळीचीच दिशा वेगळी आहे, आणि रेषा बहुतेक येत नाहीत.